हरलेला माणूस दाखवा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पूर्ण बसलेलं पाहिलंय असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. अर्धवट बसलेले मात्र ते पुष्कळांनी पाहिलेत. खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. कोणी शिट्टी वाजवली तर हे सगळ्यांच्या आधी सुटणार, अशी ती बैठक. जेवताना त्यांचा एक गुडघा उभा असतो आणि प्रत्येक घासागणिक नजर दाराबाहेर जाऊन येते. मला पाहायला आले तेव्हा बाकीची मंडळी माझ्या शिक्षणाची, स्वयंपाकाची चौकशी करत होती आणि हे पोह्यांची बशी हातात घेऊन आमच्या घरभर हिंडत होते. मध्येच दिसेनासे झाले. थोड्या वेळानं मोरीतून बाहेर आले ते बाह्या सरसावलेले, मनगटापर्यंत ओले. माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी बरी हाय. पन तुमच्या नळाचा वायसर गेलाय." यातल्या नेमक्या कुठल्या वाक्याला उत्तर द्यावं हे वडिलांना कळेना. लग्न ठरलं. पुढच्या खेपेला येताना आबांनी नारळ आणला नव्हता, वायसर आणला होता.

खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली तीही उभ्यानं करायचं काम मागून घेऊन. आता निवृत्त झाल्यावर पोशीरला घरचं भात करतात. चिखलात बसायची सोय नसते म्हणून त्यांना शेती आवडते, असं सासूबाईंचं म्हणणं. एसटीतून जाताना गाडी थांबली की आबा खाली उतरतात. का थांबली ते बघायला. थांबा आहे म्हणून थांबली, एवढं कारण त्यांना पुरत नाही. एकदा सासूबाईंना घेऊन खालापूरला निघाले होते. वाटेत चौक गावाला गाडी थांबली, हे उतरले. समोरच्या गॅरेजात कुणी ट्रकचं चाक काढत होता. तो ते चुकीचं काढतोय असं आबांना वाटलं, म्हणून ते सांगायला गेले, आणि एसटी निघून गेली. कंडक्टर बिचारा सासूबाईंना विचारत होता, गाडी थांबवू का? त्या म्हणाल्या, "नको. ते येतात बरोबर." गाडी खालापूरला लागली तेव्हा आबा स्टँडवर येरझाऱ्या घालत होते. भाजीच्या टेंपोतून पुढे आले होते. सासूबाई पायरीवरून उतरायच्या आधीच ओरडले, "एवढा उशीर का गं?"

कारखान्यात युनियनच्या निवडणुका होत. मतपेटीशेजारी दिवसभर उभं राहायला दुसरं कोणी तयार नसे, तेव्हा ते काम दर वेळी आबांकडे यायचं. तिथून त्यांनी एक इंग्रजी शब्द कायमचा घरी आणला. फेअर. ते त्याला 'फेर' म्हणतात. आमच्याकडे कलिंगड कापलं की फोडी फेर झाल्या का ते पाहिलं जातं. मुलांचा कॅरम चालू असला की आबा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरत राहतात, सोंगटीला बोट लागलं का ते बघत. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांत ते पंच असायचे. पंचाला बसावं लागत नाही, हा त्या पदाचा मोठाच गुण. एका अंतिम सामन्यात त्यांनी स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धावचीत दिलं आणि पोशीर हरलं. बॅट आत होती असं माझा नवरा आजही म्हणतो. झोपेत विचारलं तरी म्हणेल. त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं: "मी जागेवरून बगितलं. तू पळत होतास, तुला काय दिसनार?"

असा हा माणूस स्वतः मात्र एक निवडणूक हरला, आणि ती फेर झाली असं त्यानं काही केल्या मान्य केलं नाही.

ती निवडणूक सरपंचपदाची होती. अर्ध्या गावानं आबांना उभं केलं, उरलेल्या अर्ध्या गावानं त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला. माझे हे चुलत सासरे, आमचे काका, म्हणजे आबांच्या अगदी उलट मूर्ती. जड अंगाचे, सावकाश बोलणारे, एकदा ओट्यावर टेकले की सूर्य कुठे जायचा तिथे जाऊ दे. घरं शेजारी शेजारी, मध्ये मेंदीचं कुंपण. प्रचार सुरू झाला. आबा पहाटेच सुटत आणि सबंध गाव पायाखाली घालत. पण कुणाच्याही घरात टेकत नसत. दारातूनच "ध्यान असू द्या" म्हणत पुढे. चहा समोर आला तर उभ्यानं दोन घोट घेत आणि कप खांबाखालच्या कुंभीवर विसरून जात. काका मात्र ज्या घरी जात तिथे बसत. सुनेचं माहेर, म्हशीचं दूध, म्हाताऱ्याचा खोकला, सगळं निवांत ऐकत. निकाल लागला तेव्हा काका थोडक्या मतांनी सरपंच झाले होते. आबांच्या मते याला कारण एकच. मतदानाच्या आधी काकांच्या माणसांनी वरच्या आळीला कोंबडीचं जेवण घातलं. "कोंबडीनं घात केला," ते म्हणत. "फेर झाली नाय निवडनूक."

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. बोलणं बंद म्हणजे आवाज बंद असं मात्र कुणी समजू नये. आबा कुंपणाशी उभं राहून आमच्या गाईला सांगत, "कुनाची तरी म्हैस माझ्या भातात शिरलीय." हातभर अंतरावर, पलीकडे बसलेले काका मला हाक मारत, "सूनबाई, सांग त्याला, वळवली म्हैस." मी काहीच सांगायची गरज नसे. दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असे. काकांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा काकी स्वतः येऊन आमंत्रण देऊन गेल्या. आबा मांडवात गेले नाहीत. पण त्या दिवशी सकाळपासून ते नाक्यावर उभे होते, भर उन्हात, डोक्याला उपरणं बांधून, वऱ्हाडाच्या गाड्या कुठे लावायच्या ते दाखवत. "मांडवात शिरलो का? नाय ना? रस्ता सरकारी हाय," असं घरी येऊन सांगितलं. न जेवता पुतणीची पाठवणी होईपर्यंत हा माणूस तिथून हलला नव्हता.

लोकसभेची निवडणूक लागली ती भर मे महिन्यात. मी नेरळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. एक दिवस तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. परदेशातून दोन पाहुणे आपल्याकडची निवडणूक पाहायला येणार आहेत, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून याल का? मी हो म्हटलं आणि संध्याकाळी चहाच्या वेळी घरी सांगितलं.

आबा दाराच्या चौकटीत कपबशी धरून उभे होते. "आपली निवडनूक? ती कशाला बगायची? त्यांच्याकडं निवडनुका नायत?"

"आहेत, आबा. पण बाहेरच्या माणसांनी येऊन बघितलं, की सगळं नीट होतं की नाही हे जगाला कळतं."

"म्हंजी शेजाऱ्याच्या घरात डोकवायचं."

"आपणच बोलावलंय त्यांना."

ते अंगणात गेले, विहिरीपर्यंत जाऊन आले. "बरं झालं येतायत. कोनीतरी बगायलाच पायजे होतं." पुन्हा गेले, या वेळी घराला वळसा घालून मागच्या दारानं आत आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मागं झालेल्या निवडनुकांचं बी बगतात का गं?"

"नाही. फक्त ही."

"ग्रामपंचायतीचं नाय?"

"नाही, आबा."

त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "मग काय उपेग," म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी खालापूरला पोचले तेव्हा पाहुणे येऊन थांबले होते. एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, पायात भक्कम बूट, कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या. दुसरे गोल चेहऱ्याचे मध्यमवयीन गृहस्थ, लांबच्या एका बेटावरचे, गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळलेले. बाई सारखं काहीतरी विचारायच्या. गृहस्थ फारसे बोलत नसत, हातातल्या कागदावर टिपून घेत. कर्मचारी मतदानाची यंत्रं ताब्यात घेत होते, एसटीत चढत होते, कुणाचं तरी नाव भोंग्यावरून पुन्हा पुन्हा पुकारलं जात होतं. मी बाईंना ते समजावत असताना गर्दीत ओळखीचं उपरणं दिसलं.

"आबा, तुम्ही इथे?"

"टोलनाक्याकडं जरा काम होतं."

टोलनाक्याकडे आबांचं काय काम असणार! मी काही बोलायच्या आत त्यांनी बाईंना नमस्कार घातला, आणि एका एसटीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे मला त्यांना इंग्रजीतून सांगायला लावलं. बाईंनी वाकून चाक पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चाकात हवा भरली गेली.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी पुढे आणि आबांची स्कूटर मागे. चौकच्या केंद्रावर त्यांना पोलिसानं चुन्याच्या रेषेबाहेर रोखलं. इथले मतदार नाही तर आत जायचं नाही. नियम आहे म्हटल्यावर आबांनी वाद घातला नाही, पण त्या रेषेवरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा काही फेऱ्या घालू लागले, की रांगेतल्या बायका मान इकडून तिकडे फिरवून दमल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा आबांनी माझ्यामार्फत त्यांना तपासनीसासारखं विचारलं, "इचार त्यांना, सावली केलीय का आत? पानी हाय का? म्हाताऱ्यांना पुढं घेतात का?" बाईंनी एकेका प्रश्नाचं गंभीरपणे उत्तर दिलं. मग मला विचारलं, "हे कुठल्या खात्याचे?" मी म्हटलं, माझे सासरे. त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि गृहस्थांनी तेही टिपून घेतलं.

चौकहून कर्जतकडे जाताना त्या गृहस्थांनी पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. रस्त्याकडेला करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या, त्या बघत बघत बोलत होते. त्यांच्या बेटावर मतदान छान होतं म्हणाले. रांगा, शाई, मोजणी, सगळं नीट. भानगड निकालानंतर सुरू होते. हरलेला हरलो म्हणत नाही. मागच्या वेळी बाजार पेटला, त्यांच्या बहिणीचं दुकान जळालं, आणि ते दुकान ज्यांनी जाळलं ते शेजारीच होते, लहानपणापासूनचे. "म्हणून मला यंत्रं बघून काही कळत नाही," ते म्हणाले. "मला हरलेला माणूस भेटवा. तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय." पुढच्या सीटवरून साहेब घाईनं म्हणाले, "कर्जतला जेवणाची सोय केलीय, त्याच्या आधी पोशीरचं केंद्र उरकून घेऊ."

पोशीरला आबा आमच्या आधी पोचले होते. मत देऊन, शाईचं बोट वर धरून, शाळेबाहेरच्या आंब्याखाली उभे होते. गावातली दहाबारा माणसं भोवती होती. गृहस्थ गाडीतून उतरले ते सरळ तिकडेच गेले आणि त्यांनी तोच प्रश्न मला मराठीत विचारायला सांगितलं. इथे कुणी निवडणूक हरलेलं आहे का?

मी प्रश्न विचारला. कुणी चपलेनं माती उकरली. कुणी शाळेच्या कौलांकडे पाहू लागला. आबांचा तर वर केलेला हात तसाच राहिला. मला वाटलं, आता हे काहीतरी काम काढून स्कूटरकडे जाणार. पण ते पुढे झाले.

"मी हाय की. सांग त्यांना."

"कुणाकडून हरलात, असं विचारताहेत."

"सख्ख्या भावाकडनं."

मी भाषांतर केलं. गृहस्थांनी गळ्याचा रुमाल सोडून हातात घेतला. "ते भाऊ कुठे असतात?"

आबांनी शाईच्या बोटानंच दिशा दाखवली. साहेब जेवणाचं काहीतरी बोलले, पण तोवर बाई आपल्या भक्कम बुटांनी चालू लागल्या होत्या.

काकांच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा ते नेहमीप्रमाणे ओट्यावर होते. गुडघे दुखायचे म्हणून पाय पाटावर लांब केलेले. परदेशी पाहुणे, साहेब, मी, मागे निम्मं गाव असं सगळं अंगणात शिरताना पाहून ते पाय खाली घेऊ लागले. काकी घरातून खुर्च्या, आतून सतरंजी, मग कोकमाचं सरबत असं करत धावू लागल्या. आबा आत आलेच नाहीत. ते फाटकाशी थांबून त्याची कडी वरखाली करून बघत होते. कडी ढिली होती म्हणे.

"त्यांनाही बोलवा ना," बाई म्हणाल्या.

मी हाक मारली. आबांनी कडी सोडली आणि इतक्या वर्षांनी ते त्या अंगणात आले. ओट्यावर खुर्ची ठेवली होती, तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. दोघं भाऊ एकमेकांकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

गृहस्थांनी आधी काकांना विचारलं, भावाला हरवल्यावर कसं वाटलं? काका त्यांच्या नेहमीच्या संथपणानं विचार करत राहिले. मग म्हणाले, "गुलाल पडला तवा बरं वाटलं, सायेब. मग घरी आलो. सांगनार कोनाला? आमच्या घरात कायबी झालं का पयलं दादाला सांगायचं, अशी आमाला सवय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. गृहस्थ आबांकडे वळले.

"आणि तुम्हाला काय वाटतं? ती निवडणूक फेअर झाली का?"

हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तो शब्द आबांना आधीच कळला होता. आणि उत्तर काय येणार हे मला माहीत होतं, अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं आम्ही ते गाईच्या कानावर पडताना ऐकत होतो. काकांनी मान खाली घातली. काकी दारात पदर चावत उभ्या राहिल्या. मी त्या बेटावरच्या दुकानाचा विचार करत होते आणि मनात म्हणत होते, आबा, आज एवढं कोंबडीचं काढू नका.

आबा खुर्चीपासून निघाले. काकांच्या अंगणाच्या टोकालाही विहीर आहे, तिथे गेले, आत वाकून बघितलं, परत आले. पुन्हा गेले. उन्हात पायाखालची माती तापली होती आणि चपला त्यांनी फाटकाशीच काढल्या होत्या. सगळे थांबले होते. तिसऱ्यांदा वळणार असं वाटलं, तेव्हा ते मधेच उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फेर झाली. सांग त्यांना. निवडनूक फेर झाली. मी कोनाच्या घरात टेकलो नाय, मानसांना वाटलं ह्याला आपली घाई झालीय. म्हनून हरलो. दुसरं काय नाय."

मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. गृहस्थ लिहू लागले.

"थांब गं सूनबाई!" काका ओरडले. इतका मोठा आवाज त्यांचा मी ऐकलाच नव्हता. "लिवू देऊ नको त्यांना. खोटं हाय ते. वरच्या आळीला मी कोंबड्या घातल्या होत्या."

"तू गप रं बारक्या!"

"का गप? घातल्या होत्या म्हंजी घातल्या होत्या. माझ्या मानसांनी घातल्या, मला ठाऊक होतं, मी नको म्हनलो नाय."

"पावन्यासमोर घरातलं काढतोस? अक्कल हाय का तुला?"

"तूच काढत होतास की एवढी वर्सं! गाईला सुदा पाठ झालंय! आन आज म्हनतोस फेर झाली!"

"आज मी म्हनतोय ना फेर झाली? मग झाली! हरलेला मी हाय का तू?"

"जिंकलेला मी हाय, मला ठाऊक कशी जिंकली ती!"

बाई माझा दंड धरून विचारत होत्या, काय झालं, ते भांडताहेत का? साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. काय सांगायचं, किती सांगायचं, कोंबडीचं करायचं काय? शेवटी मी जे होतं ते सांगून टाकलं. थोरले म्हणताहेत निवडणूक योग्य झाली, आणि धाकटे म्हणताहेत की झाली नाही.

गृहस्थांनी मान वर केली. "उलट सांगताय का तुम्ही? हरलेले म्हणताहेत योग्य झाली?"

"हो."

"आणि जिंकलेले म्हणताहेत, नाही?"

"हो."

त्यांनी लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग पेन खिशाला लावलं आणि नुसतेच त्या दोघांकडे बघत बसले. एक ओट्यावरून हातवारे करतोय, दुसरा अंगणभर फिरत उत्तरं देतोय. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं. म्हैस, बांध, पुतणीच्या लग्नात न खाल्लेलं जेवण. "तुझ्यासाठी ताट काढून ठेवलं होतं, सांजच्याला म्हशीला घातलं!" काका म्हणाले. आबांनी काकींच्या हातातला सरबताचा पेला घेतला, उभ्यानं संपवला, आणि त्यांना म्हणाले, "साखर कमी हाय गं." काकी रडायलाच लागल्या.

पाहुण्यांचं जेवण चुकलं ते चुकलंच. काकींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. बाईंनी बोंबलाला हात लावायचं टाळलं, गृहस्थांनी मागून घेतलं. निघताना त्यांनी दोन्ही भावांचे हात हातात घेतले आणि काहीतरी त्यांच्या भाषेत म्हणाले, इंग्रजीत नव्हे. मला त्याचं भाषांतर करता आलं नाही आणि कुणी ते मागितलंही नाही. लोकसभेचा निकाल पुढे लागला, कुणी जिंकलं, कुणी हरलं. त्या दोघांनी आमच्या निवडणुकीबद्दल शेवटी काय मत दिलं ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतरचं एक वर्ष आमच्या घराला फार गलक्याचं गेलं. अबोल्याच्या काळात जी शांतता होती तिची आठवण यावी एवढी दोघं भांडत. भाताच्या लावणीला कुणाच्या शेतात चिखल आधी करायचा, मोटर किती वेळ चालवायची, रायवळ आंबा कुठल्या बापजाद्यानं लावला. आबा दिवसातून पन्नासदा पलीकडे जायचे आणि काकांना उठवून चालायला लावायचे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं, आबा ते स्वतःला सांगितलंय असं समजत. काका चार पावलं टाकून म्हणायचे, "दादा, तू जा पुढं, मी इथनं बगतो." आणि आबा खरंच पुढे जाऊन परत येऊन त्यांना काय काय दिसलं ते सांगायचे.

गेल्या थंडीत काका गेले. आजार असा काही नव्हता. सकाळी ओट्यावर उन्हाला बसले होते आणि काकी चहा घेऊन आल्या तेव्हा उठले नाहीत. आबांनी त्या दिवशी गावाला आणि नातेवाइकांना निरोप देण्यापासून सगळं स्वतः केलं, कुणाला काही करू दिलं नाही. दहाव्यापर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. नदीवरून परत आल्यावर मात्र अंगणात एका जागी उभे राहिले आणि सासूबाईंनी हाताला धरून आत आणेपर्यंत तिथून हलले नाहीत.

परवा गावातली काही मंडळी आमच्याकडे आली होती. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली आहे.

"दादा, औंदा तुमी उभं राहा," त्यातला वयानं मोठा माणूस म्हणाला. "समोर कोनी राहनार नाय. दोनी आळींचं ठरलंय. बिनविरोध."

आबा खांबाला हात लावून ऐकत होते. "समोर कोनीच नाय?"

"कोनीच नाय. मान हाय तुमचा."

"मान देताय, बरं वाटलं," आबा म्हणाले. "पन समोर बारक्या नाय, तर मी उभा कशाला राहू?"

मंडळींना ही थट्टा वाटली, ती हसली. आबांनी मला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या. काकींच्या पाण्याची मोटर लावायची वेळ झाली होती. ते पलीकडे गेले.